“कुठे दुखतंय ते बोट ठेवून दाखव”: नव्या ब्रेसेसचे पहिले दिवस

प्रश्न: माझ्या 13 वर्षांच्या मुलीला परवा वरच्या आणि खालच्या, दोन्ही दातांना ब्रेसेस लावल्या. त्या दिवशी संध्याकाळी ती छान हसत-बोलत होती. कालपासून मात्र मऊ घासही चावता येत नाही, गाल आतून सोलला आहे आणि रात्री रडून “हे काढून टाका” म्हणत होती. तार जास्त घट्ट बसली असेल का? ब्रशला हात लावू देत नाही. दोन-चार दिवस ब्रश केला नाही तर चालेल का?

उत्तर: ताई, आधी थेट उत्तरं देते. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तार चुकीची किंवा जास्त घट्ट बसली आहे असं मला वाटत नाही. पहिली संध्याकाळ बरी जाणं आणि दुसऱ्या दिवशी दुखणं वाढणं, हाच ब्रेसेसचा नेहमीचा क्रम आहे. ब्रश मात्र एक दिवसही चुकवायचा नाही. दुखत असताना तो कसा करायचा ते पुढे सांगते.

मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करणारी दंतवैद्य आहे. 20 वर्षांहून जास्त काळ तारा बसवते आहे. पहिल्या आठवड्यात असा फोन आला की मी आधी एकच गोष्ट करायला सांगते: मुलीला म्हणा, “कुठे दुखतंय ते बोट ठेवून दाखव.” तिने अख्खा तळवा गालावर ठेवला, किंवा बोट एका दाढेपासून दुसऱ्या दाढेपर्यंत फिरवत “सगळंच दुखतंय” म्हणाली, तर ते दात सरकायला लागल्याचं दुखणं. तिने बोट एकाच ठिकाणी टेकवलं, गालावर, ओठाच्या आत किंवा जिभेच्या कडेला, तर तिथे काहीतरी घासतंय किंवा टोचतंय. ही दोन दुखणी अगदी वेगळी आहेत. पहिलं आपण सुसह्य करू शकतो, पूर्ण घालवू शकत नाही. दुसरं आजच्या आज थांबवता येतं. घरोघरी होतं असं की दोन्ही मिळून “ब्रेसेस दुखतायत” एवढंच म्हटलं जातं. गोळी दिली जाते, गोळीने गालाची जखम थांबत नाही, आणि मग मूल म्हणतं की कशानेच बरं वाटत नाही. तुमच्या मुलीला सध्या दोन्ही आहेत, म्हणून दोन्हींबद्दल सविस्तर लिहिते.

आधी दातांचं. दात हाडात खिळा ठोकल्यासारखा घट्ट रुतलेला नसतो. मुळाभोवती तंतूंची एक पातळ गादी असते, जेमतेम 0.2 मिलिमीटर जाडीची, आणि दात त्या गादीवर झुलत असतो. वाकड्या दातांमधून तार ओवली की ती सरळ व्हायला बघते आणि दाताला आपल्याबरोबर ओढते. मग मुळाच्या एका बाजूची गादी दाबली जाते, दुसऱ्या बाजूची ताणली जाते. दाबलेल्या भागात रक्त कमी पोचतं, तिथे सौम्य दाह सुरू होतो आणि प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे तिथलं हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि ताणलेल्या बाजूला नवं हाड भरत जातं. दात सरकतो तो असा, महिन्याला साधारण 1 मिलिमीटर. पण हीच रसायनं तिथल्या मज्जातंतूंना हळवं करतात. एरवी चावताना जो दाब जाणवतही नाही, त्याने आता कळ येते. म्हणून नुसतं बसून राहिल्यावर तिला बरं वाटत असेल आणि घास दाताखाली आला की डोळ्यांत पाणी येत असेल.

ही रसायनं साचायला वेळ लागतो. तार बसवल्यावर पहिले दोन-चार तास काहीच वाटत नाही, नंतर ठणका सुरू होतो, साधारण 24 तासांनी तो सर्वांत जास्त असतो आणि तिसऱ्या दिवसापासून उतरायला लागतो. आठवड्याभरात बहुतेकांचं जेवण पूर्ववत होतं. म्हणजे तुमची मुलगी सर्वांत अवघड रात्र काढून बसली आहे. हे तिला आज सांगा. “होईल बरं” या शब्दांनी मुलांना धीर येत नाही. “काल सर्वांत जास्त होतं, आजपासून उतरेल” असं ऐकलं की येतो, कारण ते त्यांना स्वतःला पडताळून बघता येतं.

“तार घट्ट केली” ही समजूत फार रुजलेली आहे, म्हणून थोडं तिच्याबद्दल. पहिली तार बहुधा सर्वांत बारीक आणि सर्वांत लवचिक असते, 0.012 किंवा 0.014 इंचाची, निकेल-टायटॅनियमची. हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत शोधला गेला आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज अँड्रियासन यांनी तो दातांच्या तारेसाठी वापरात आणला. त्याआधीच्या स्टीलच्या तारा वाकवून वाकवून बसवाव्या लागत. ही तार कितीही वाकवली तरी हलक्या, सलग जोराने मूळ आकारात येत राहते. तिच्या काही प्रकारांचा आणखी एक गुण घरी उपयोगी पडतो: त्या थंड झाल्या की मऊ पडतात आणि तोंडाच्या उबेत पुन्हा जोर धरतात. तारेचा प्रकार कोणताही असला तरी गार पाण्याचा घोट तोंडात थोडा वेळ धरून ठेवायला हरकत नाही. गारव्याने हिरडीही थोडी बधिर होते. बर्फ मात्र चावायचा नाही, ब्रॅकेट (तार धरून ठेवणारा, दाताला चिकटवलेला छोटा तुकडा) निघतो.

जाता जाता एक. अमुक प्रकारचे ब्रॅकेट घेतले तर दुखतच नाही, असं तुमच्या कानावर येईल. तार स्वतःच धरून ठेवणाऱ्या, रबर न लागणाऱ्या ब्रॅकेटबद्दल हा दावा बरीच वर्षं केला जातो. तुलना करणाऱ्या अभ्यासांमध्ये दुखण्यात म्हणावा असा फरक दिसलेला नाही. तेव्हा “आपण चुकीच्या ब्रेसेस घेतल्या का” ही रुखरुख लावून घेऊ नका.

गोळीबद्दल. माझी पहिली पसंती पॅरासिटामॉलला असते. मुलांना डोस वयावर नाही, वजनावर देतात: एका वेळी दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान 4 ते 6 तासांचं अंतर आणि 24 तासांत 4 पेक्षा जास्त डोस नाहीत. तिला सर्दी-तापाचं दुसरं औषध चालू असेल तर त्याच्या वेष्टनावर पॅरासिटामॉल लिहिलंय का ते बघा, नकळत दुप्पट होतं. यकृताचा किंवा दुसरा काही त्रास असेल तर आधी तिच्या डॉक्टरांना विचारा. आयबुप्रोफेननेही आराम पडतो, पण ते प्रोस्टाग्लँडिनच कमी करतं, म्हणजे ज्या रसायनांमुळे दात सरकतो त्यांनाच अडवतं. दोन दिवसांत दोन-तीन गोळ्या घेतल्याने उपचार लांबत नाहीत, फक्त ती रोजची सवय होऊ देऊ नये. दमा, पोटातला अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी ते स्वतःच्या मनाने घेऊच नये. अ‍ॅस्पिरिन 16 वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही. तोंडाला लावायचं जेल घेतलंत तर त्यात सॅलिसिलेट, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्याच जातीचं औषध, आहे का ते वाचा. तेही या वयात नको.

वेळ साधणं हे गोळीइतकंच महत्त्वाचं आहे. मूल कळवळेपर्यंत थांबायचं आणि मग गोळी द्यायची, असं बरेच जण करतात. ती लागू पडायला अर्धा-पाऊण तास लागतो, तोवर जेवणाचं ताट समोरून गेलेलं असतं. या दोन-तीन दिवसांपुरतं रात्रीच्या जेवणाआधी पाऊण तास डोस द्या. जेवणही जाईल, झोपही लागेल.

आणखी एक उपाय आहे, तो ऐकून माझे बरेच पालक दचकतात: चघळणं. दाबलेल्या गादीत रक्त खेळतं राहिलं की ठणका उतरतो, आणि हलकं चावल्याने ते होतं. इंग्लंडमध्ये 11 ते 17 वयोगटातल्या सुमारे 1000 मुलांवर झालेली एक चाचणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात साखरविरहित च्युइंगम चघळणाऱ्या मुलांना आयबुप्रोफेन कमी घ्यावं लागलं आणि त्यांचे ब्रॅकेट काही जास्त तुटले नाहीत. तरीही अनेक ऑर्थोडॉन्टिस्ट च्युइंगमला परवानगी देत नाहीत, म्हणून तुमच्या डॉक्टरांना विचारूनच द्या. ते नको म्हणाले तर मऊ रबरी चावण्याची पट्टी मिळते का ते त्यांनाच विचारा. तीही नसेल तर निदान तिने दात एकमेकांपासून दूर ठेवून, जबडा अवघडून बसू नये. बरीच मुलं घाबरून तसं करतात आणि मग कानाजवळही दुखायला लागतं.

आता गालाचं. इथे मी तुम्हाला सर्वांत जास्त वेळ द्यायला सांगेन, कारण इथे तुमच्या हातात पुष्कळ आहे.

क्लिनिकमधून छोट्या डबीत मेण दिलेलं असेल. ते फुकट गेलेलं मी खूप पाहिलंय, कारण ते ओल्या ब्रॅकेटवर लावलं जातं आणि पाच मिनिटांत गळून पडतं. असं करा. आधी तिला ब्रश करू द्या, म्हणजे मेणाखाली अन्न अडकणार नाही. हात धुवा. आरशासमोर, उजेडात बसवा. गाल बोटाने बाजूला धरा आणि जिथे घासतंय तो ब्रॅकेट टिश्यू किंवा कापसाने अगदी कोरडा करा. लगेच लाळ येईल, पुन्हा टिपा. मेणाचा वाटाण्याएवढा तुकडा तोडून दोन बोटांत फिरवत राहा. पहिल्यांदा तो कडक लागेल, बोटांच्या उबेने दहा-पंधरा सेकंदांत मऊ पडेल. गोळी झाली की ती ब्रॅकेटवर ठेवून अंगठ्याने दाबा, नुसती चिकटवू नका, तारेच्या वरून आणि खालून कडा आत सरकवा. वर गुळगुळीत उंचवटा उरला पाहिजे. जिभेने चाचपून ती स्वतः सांगेल की टोक लागतंय का. जेवताना काढायचं, जेवण झाल्यावर नवं लावायचं. झोपताना लावायला विसरू नका, रात्री कुशीवर झोपल्यावर गाल ब्रॅकेटवर दाबला जातो आणि सकाळी जखम वाढलेली असते. मेण चुकून गिळलं गेलं तर काही होत नाही, ते पोटातून तसंच बाहेर पडतं.

सोललेल्या जागेसाठी कोमट मिठाचं पाणी. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ, अर्धा मिनिट खळखळून थुंकायचं, दिवसातून तीन-चार वेळा. अल्कोहोल असलेला माउथवॉश या दिवसांत नको, झोंबतो. घासणं थांबलं की असं आलेलं तोंड आठवडा-दहा दिवसांत भरून येतं. दोन-तीन आठवड्यांत गाल आणि ओठांची आतली त्वचा थोडी निबर होते आणि बहुतेक मुलं मेणाची डबी विसरून जातात.

बोट अगदी मागे, शेवटच्या दाढेच्या पलीकडे गेलं तर वेगळा विचार करा. काही वर्षांपूर्वी एक मुलगा पाचव्या दिवशी आला. घरी सगळे म्हणत होते, “पहिल्या आठवड्यात दुखणारच, सहन कर.” त्याला बोट ठेवायला सांगितल्यावर त्याने क्षणभरही विचार न करता डावीकडच्या शेवटच्या दाढेमागे नेलं. गाल बाजूला केला तर तारेचं टोक दोनेक मिलिमीटर बाहेर आलेलं, आणि त्याच्यासमोर गालात तेवढाच खोल खड्डा. समोरचे दात सरळ होऊ लागले की तार मागे सरकते, हे पहिल्या काही आठवड्यांत कधीही होऊ शकतं. टोक कापायला मला एक मिनिट लागलं. पाच दिवस त्याने नाहक काढले. असं टोक दिसलं तर पेन्सिलच्या स्वच्छ खोडरबराने किंवा ओल्या कापसाच्या काडीने ते हलकेच दाताकडे दाबून बघा. वळलं नाही तर मेणाची जाड गोळी लावा आणि क्लिनिकला फोन करा. “एवढ्यासाठी कशाला त्रास द्यायचा” असं मनात आणू नका. तार कापायला आम्ही सगळे वेळापत्रकात जागा करतो.

ब्रश. दुखतंय म्हणून चार दिवस सोडला तर काय होतं ते मी सांगते: हिरड्या सुजतात, सुजलेली हिरडी ब्रश लागताच रक्त देते, रक्त बघून मूल आणखी घाबरतं, आणि दातांच्या दुखण्यात हिरड्यांचं दुखणं मिसळतं. शिवाय ब्रॅकेटभोवती थर साचत राहिला तर दातावर खडूसारखे पांढरे डाग पडतात. हे अवघ्या चार आठवड्यांत दिसू लागतात आणि ब्रेसेस काढल्यावरही बरेचदा पूर्ण जात नाहीत. म्हणून या दिवसांत सर्वांत मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश घ्या, तो कोमट पाण्यात मिनिटभर बुडवून आणखी मऊ करा, आणि गोळीचा परिणाम चालू असतानाची वेळ निवडा. ब्रश दातावर रगडायचा नाही. आधी ब्रॅकेटच्या वरून तिरका धरून, मग खालून तिरका धरून, लहान लहान गोल. तार आणि दात यांच्यामधल्या जागेत बारीक बाटलीब्रशासारखा इंटरडेंटल ब्रश. पेस्ट फ्लोराइडची. पहिले तीन दिवस पाच मिनिटं लागतील, लागू द्यात. रक्त आलं तरी थांबायचं नाही. नीट ब्रश होत राहिला की ते आपोआप बंद होतं.

खाण्याचं थोडक्यात सांगते, कारण हे घरी लगेच जमतं. चावावं न लागणारं किंवा जिभेने टाळूवर कुस्करता येईल असं काहीही: मऊ भात, कुस्करलेला बटाटा, सूप, दही, केळं, उकडलेलं अंडं. पुढच्या दातांनी तोडायचं नाही, सगळं कापून बारीक तुकड्यांत मागच्या दाढांवर ठेवायचं. फक्त गोड पेयांवर दिवस काढू देऊ नका. ब्रॅकेटभोवती साखर राहते आणि पोटही भरत नाही. दुखणं गेल्यावरही सुकामेवा, कडक टॉफी, अख्खं सफरचंद तोडून खाणं हे उपचार संपेपर्यंत बंदच.

दात हलताना जाणवले तर घाबरू नका, सरकणारा दात थोडा हलतोच. डॉक्टरांनी मागच्या दाढांवर निळा किंवा दाताच्या रंगाचा थर चढवला असेल तर तिचे बाकीचे दात एकमेकांना लागणारच नाहीत. ते मुद्दाम केलेलं असतं, खालचे ब्रॅकेट चावले जाऊ नयेत म्हणून. त्याची सवय व्हायला आठवडाभर लागतो. बोलताना “स” आणि “श” अडखळत असतील तर रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचायला सांगा.

आता जे मला मनापासून सांगायचं आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी मुलांना सांगायची, “अजिबात दुखणार नाही.” खुर्चीत बसताना त्यांना धीर मिळावा म्हणून. एका मुलीने दुसऱ्या भेटीला माझ्याकडे बघायचंच सोडलं. आईने सांगितलं की ती घरी म्हणाली, “त्या खोटं बोलल्या.” तिचं बरोबर होतं. तेव्हापासून मी आधीच सांगते की आज बरं वाटेल, उद्या दुखेल, परवा उतरेल. आणि दुसऱ्या दिवशी क्लिनिकमधून फोन जातोच. नुसत्या अशा फोनने मुलं सांगतात ते दुखणं कमी होतं, हे तपासूनही पाहिलं गेलं आहे. तुमच्या मुलीला हे कोणी आधी सांगितलं नसेल तर तिला वाटत असेल की आपल्याच बाबतीत काहीतरी बिघडलंय, आणि दोन वर्षं असंच चालणार. “काढून टाका” मागे बहुधा ही भीती असते. तिला “एवढं काय त्यात” म्हणू नका. दुखतंय हे मान्य करा आणि ते किती दिवसांचं आहे ते सांगा.

काही गोष्टी मात्र मी सांगितलेल्या दोन्ही प्रकारांत बसत नाहीत. त्यांच्यासाठी वाट बघायची नाही. चेहऱ्यावर किंवा हिरडीला एका बाजूला फुगलेली सूज, ताप, एकच दात चावलं नाही तरी रात्रभर ठणकणं, ओठ-जीभ सुजून अंगावर पुरळ येणं, आठवड्यानंतरही दुखणं उतरण्याऐवजी वाढणं, तीन आठवड्यांनंतरही न भरलेली तोंडातली जखम: यांपैकी काहीही दिसलं तर क्लिनिकला कळवा. ब्रॅकेटचा तुकडा घशात गेल्यावर खोकला थांबत नसेल किंवा श्वास लागत असेल, तर क्लिनिक नाही, थेट रुग्णालय.

पुढच्या भेटीत, चार ते आठ आठवड्यांनी, तार बदलली की पुन्हा थोडं दुखेल. बहुतेकांना ते एक-दोन दिवसांचंच असतं आणि या वेळेइतकं नसतं. त्या दिवशी निघण्यापूर्वी तिला खुर्चीतच जीभ आणि बोट सगळीकडे फिरवून बघायला सांगा. काही टोचत असेल तर तिथल्या तिथे कापून घेता येईल. आणि आज रात्री जेवणाआधी पाऊण तास गोळी, जेवणानंतर ब्रश, मग मेण. बोट ठेवून तिने कुठली जागा दाखवली ते मला कळवा.